संकलनाचे सॉफ्टवेअर निवडताना : हिशेब आधी, नाव नंतर

सणसर, भवानीनगर, लासुर्णे या पट्ट्यातील तरुण मुले आता मोबाईलवर फिल्म करू लागली आहेत. कोणी गळीत हंगामात आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जाऊन चित्रीकरण करतो, कोणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या नोंदवून ठेवतो, तर कोणी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची महिनाभराची तयारी टिपतो. ही फार समाधानाची गोष्ट आहे. आपल्या माणसांची हकीकत आपल्याच पोरांनी नोंदवली पाहिजे. पण चित्रीकरण उरकले की बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. आता हे सगळे जोडायचे कशावर? श्रेयनामावलीत ज्याला संकलन म्हणतात आणि बोलताना आपण ज्याला एडिटिंग म्हणतो, त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक आहे, पण त्याची झळ घराला लागते. पुण्या-मुंबईचा कोणी मित्र सांगतो की, अमुक कंपनीचे सॉफ्टवेअर नसेल तर ती फिल्मच नव्हे. मग मुलगा दीड लाखाच्या संगणकाचे दरपत्रक घेऊन पतसंस्थेत जातो. जामीनदार म्हणून सही होते साखर कारखान्यात किंवा एमआयडीसीत राबणाऱ्या बापाची. फिल्म पुरी होवो न होवो, हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो. म्हणून पालकांनीही हा लेख वाचावा, अशी विनंती आहे.

आधी बाजारात काय मिळते ते पाहू. खर्चाच्या दृष्टीने या सॉफ्टवेअरचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार भाड्याचा. अ‍ॅडोबी कंपनीचे प्रीमियर प्रो यात येते. महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरायचे; भरणे थांबले की सॉफ्टवेअरही थांबते. मोठ्या स्टुडिओंत हे फार चालते, त्यामुळे नोकरी करायची असेल तर ते शिकून घेणे उपयोगाचे आहे.

दुसरा प्रकार एकदाच पैसे भरून घेण्याचा. अ‍ॅपलचे फायनल कट प्रो असे विकत मिळते, पण ते अ‍ॅपलच्याच यंत्रांवर चालते. म्हणजे आधी यंत्राचा खर्च. आपल्याकडे लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांच्या दुकानांत वर्षानुवर्षे दिसणारे एडियस विंडोजवर चालते. दा विंची रिझॉल्व्हची मोठी, म्हणजे ‘स्टुडिओ’ आवृत्तीही याच प्रकारात मोडते. तिची किंमत २९५ डॉलर.

तिसरा प्रकार बिनपैशाचा. दा विंची रिझॉल्व्हचीच साधी आवृत्ती फुकट आहे. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ साली दा विंची विकत घेतले. त्याआधी रंगकामाची ही यंत्रणा लाखो डॉलरची असे. आज फुकट आवृत्तीत संकलन, रंग आणि ध्वनी ही तिन्ही कामे होतात आणि ३८४० बाय २१६० या आकारापर्यंतची फिल्म बाहेर काढता येते. याखेरीज केडेनलाइव्ह, शॉटकट आणि ओपनशॉट ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. मुक्त म्हणजे त्यांचा मूळ आराखडा सर्वांना खुला असतो आणि ती कोणालाही वापरता येतात, दुसऱ्याला देताही येतात.

आता वाणिज्य शाखेच्या माणसाचा हिशेब. समजा, भाडे महिन्याला २,००० रुपये धरले. वर्षाचे झाले २४,०००. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी काम करून फिल्म पुरी व्हायला तीन वर्षे लागली, तर ७२,००० रुपये गेले आणि हाती मालकी काहीच नाही. चौथ्या वर्षी एखादे दृश्य बदलावेसे वाटले तर पुन्हा भाडे भरा. हा आकडा उदाहरणापुरता आहे. ज्याने त्याने आजचा दर पाहून स्वतःचा गुणाकार करावा, पण तो सहीच्या आधी करावा.

तीन वर्षे जास्त वाटत असतील तर एक मोठे उदाहरण देतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे बळी गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी या घटनांपासून सुरुवात करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला. तो पुरा झाला २०११ साली. चौदा वर्षे लागली! खटला चालू होता, माणसे बदलत होती, पुढारी बदलत होते आणि कॅमेरा हे सारे पाहत होता. घाईने उरकला असता तर हा माहितीपट असा झालाच नसता. आपल्या माणसांचे विषय असेच असतात. त्यांना वेळ द्यावा लागतो. वरच्याच दराने चौदा वर्षांचे भाडे ३,३६,००० रुपये होते. ज्या कामाला किती वर्षे लागतील हे माहीत नाही, ते भाड्याच्या जागेत सुरू करताना दहा वेळा विचार करावा.

भाडे परवडते असे म्हणणाऱ्यांनी दुसरा धोकाही ध्यानात घ्यावा. सॉफ्टवेअर बंद पडते. अ‍ॅपलने २०११ साली फायनल कट प्रो ७ बंद केले आणि नवी आवृत्ती आणली. त्या नव्या आवृत्तीत जुन्या कामाच्या फाइली उघडत नव्हत्या. कोरियाच्या ‘पॅरासाइट’ या चित्रपटाचे संकलक यांग जिन-मो यांनी मात्र तेच जुने सॉफ्टवेअर सांभाळून ठेवले होते. २०१९ सालचा हा चित्रपट त्यांनी त्यावरच संकलित केला आणि २०२० साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. आपल्या देशातला दाखला हवा असेल तर जून २०२० आठवावा. केंद्र सरकारने एकाच आदेशाने ५९ चिनी अ‍ॅप बंद केली. त्यात टिकटॉक होते, तसेच मोबाईलवर संकलन करण्याचे व्हिवाव्हिडिओही होते. बंदी का आली, हा वेगळा विषय. पण अर्धवट काम एकाच अ‍ॅपच्या भरवशावर ठेवू नये, एवढे त्यातून शिकावे.

भारी साधनाशिवाय फिल्म होत नाही, हा समज मालेगावकरांनी कधीच खोटा ठरवला आहे. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख दोन व्हीसीआर जोडून एका टेपवरचे दृश्य दुसऱ्या टेपवर घेत संकलन शिकले. त्यांचा ‘मालेगाव के शोले’ २००० साली आला. मालेगावच्या या चित्रपटवेडावर २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट झाला, आणि २०२५ मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा मोठा हिंदी चित्रपट चित्रपटगृहांत लागला. आपल्या शेजारचे, उजनीच्या पाण्यापलीकडच्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ त्यानंतरचे. अलीकडे लाटव्हिया या छोट्या देशातील ‘फ्लो’ हा अ‍ॅनिमेशनपट ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरवर तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याने ऑस्कर मिळवले. फुकटचे ते हलकेच असणार, ही समजूत आता सोडून द्यावी.

मग आपण काय घ्यावे? घरात जो संगणक आहे त्यावरून ठरवावे.

संगणक जुना असेल, त्यात ८ जीबी रॅम असेल, तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्यावे. शॉटकटवाल्यांचा स्वतःचाच अंदाज असा आहे की, साध्या एचडी कामाला ८ जीबी आणि फोर-के कामाला १६ जीबी रॅम लागते. दोन्ही विंडोजवर चालतात आणि लिनक्सवरही. रॅम १६ जीबी किंवा अधिक असेल आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती उत्तम. ग्राफिक्स कार्डाविना ती अडखळते, आणि मुलगा मग सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो. संगणक मुळीच नसेल तर मोबाईलवरच हात बसवावा. मात्र फुकटची काही अ‍ॅप चित्राच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का मारतात, ते आधी पाहावे.

संगणक मंद असेल तर ‘प्रॉक्सी’ नावाची सोय वापरावी. सॉफ्टवेअर मूळ चित्राची हलकी नक्कल तयार करते, आपण नकलेवर कापाकापी करतो आणि शेवटी फिल्म बाहेर काढताना मूळ चित्र आपोआप जागेवर येते. वर सांगितलेल्या शॉटकट, केडेनलाइव्ह आणि रिझॉल्व्ह या तिन्हींत ही सोय आहे. नवा संगणक घेण्याआधी ही वापरून पाहिली तर कित्येकांचे कर्ज वाचेल.

सॉफ्टवेअर पक्के करण्यापूर्वी दोन मिनिटांची चाचणी फिल्म करावी. तीत चार गोष्टी तपासाव्यात.

१) मराठी अक्षरे. ‘स्त्री’, ‘क्रांती’, ‘दुसऱ्या’, ‘शिक्षण’ असे शब्द पडद्यावर लिहून पाहावेत. काही ठिकाणी जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी भलत्या जागी जाते. मुक्ता, बालू असे फुकट मिळणारे युनिकोड टंक वापरावेत. प्रीमियरमध्ये सेटिंगमधून दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडावा लागतो. आपल्या आईचे नाव पडद्यावर चुकीचे उमटलेले कोणाला आवडेल?

२) ओठ आणि आवाज. मोबाईल चित्राचा वेग कमी-जास्त करत चित्रीकरण करतो. त्यामुळे लांबलचक मुलाखतीत आवाज पुढे आणि ओठ मागे, असे होते. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरने वेग एकसारखा करून घ्यावा आणि मगच संकलनाला बसावे.

३) बाहेर काढलेली फिल्म. ती मित्राच्या मोबाईलवर, समाजमंदिरातील टीव्हीवर आणि प्रोजेक्टरवर चालते का, ते पाहावे.

४) शिकवणारा माणूस. जवळपास कोणाला ते सॉफ्टवेअर येते का? दोन उत्तम सॉफ्टवेअरपैकी ज्याचा जाणकार सायकलवरून गाठता येतो, ते आपले.

आता ‘क्रॅक’विषयी. पेन ड्राइव्हवर शे-दोनशे रुपयांत महागडे सॉफ्टवेअर टाकून देणारे ठिकठिकाणी आहेत. अशा चोरट्या प्रतीबरोबर व्हायरस येतात आणि महिनोन् महिन्यांचे चित्रीकरण एका रात्रीत कुलूपबंद होऊ शकते. शिवाय न दिलेले घेऊ नये, हे शील आपण दर आठवड्याला म्हणतो. इतकी चांगली साधने राजरोस फुकट मिळत असताना चोरीचे घेण्याला कारणच उरत नाही.

वाचलेले पैसे कुठे घालावेत, तेही सांगतो. पहिला खर्च हार्ड डिस्कचा. मोबाईलवरचे एचडी चित्र मिनिटाला साधारण १३० एमबी जागा खाते, म्हणजे तासाला सुमारे ८ जीबी. वीस तासांचे चित्रीकरण असेल तर १६० जीबी झाले. एक-एक टीबीच्या दोन डिस्क घ्याव्यात, दोन्हींवर सारखी नक्कल ठेवावी आणि दोन वेगळ्या घरांत ठेवावी. सॉफ्टवेअरमधील प्रोजेक्ट फाइल म्हणजे कुठे कापायचे, कुठे जोडायचे याची नुसती टाचणे. मूळ चित्र तिच्यात नसते. मूळ गेले की टाचणे राहून उपयोग नाही. दुसरा खर्च कॉलरला लावायच्या साध्या माईकचा. चित्र थोडे अंधुक असले तरी लोक सांभाळून घेतात, पण आजीचे बोलणे ऐकूच आले नाही तर फिल्म कशाची?

आणखी एक. हे काम घरी बसून, रात्री सवडीने करता येते. मुलींनाही ते शिकवावे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी, १९१३ साली, फिल्म धुण्या-जोडण्याच्या कामात सरस्वतीबाई फाळके राबल्या होत्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांनी संकलनासाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. घरातला संगणक एकट्या मुलाचा समजू नये.

आपल्या वस्तीतील जुनी माणसे एकेक करून जात आहेत. ज्यांनी बाबासाहेबांना पाहिले, ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, त्यांचे बोलणे आज टिपले नाही तर ते कोणत्याही सॉफ्टवेअरने परत आणता येणार नाही. तेव्हा निवडीच्या घोळात वर्ष घालवू नये. घरात आहे त्या संगणकावर चालणारे, फुकटचे एक सॉफ्टवेअर या रविवारी बसवावे, पाच मिनिटांची एक फिल्म पुरी करावी आणि समाजमंदिरात सर्वांना दाखवावी. त्यातूनही अडले आणि पैसे खर्च करावेच लागले, तर ते कशासाठी हे तोपर्यंत आपल्याला नेमके कळलेले असेल.