‘मानवी चूक’ नेमकी कोणाची?

८ मे २०२३ रोजी सुरतगडच्या तळावरून प्रशिक्षण-उड्डाणासाठी निघालेले मिग-२१ विमान राजस्थानातील हनुमानगड जिल्ह्यात बहलोलनगर गावातील एका घरावर कोसळले. वैमानिक हवाईछत्रीच्या आधाराने बचावला; गावातील तीन स्त्रिया प्राणांस मुकल्या. शिरस्त्याप्रमाणे चौकशी जाहीर झाली. अशा चौकशीचे समग्र अहवाल जनतेपुढे ठेवण्याची प्रथा या लोकशाहीत नाही. ‘तांत्रिक बिघाड’ किंवा ‘मानवी चूक’ एवढेच शब्द लोकांच्या वाट्याला येतात.

चूक मानवी असेलही. परंतु ती वैमानिकाच्या आसनावरच घडते, हे कोणी ठरविले? वायुदलातील अपघातांचा विचार करणाऱ्या ला फोंतेन समितीने १९८२ मध्येच प्रगत जेट प्रशिक्षण विमानांची शिफारस केली होती. ‘किरण’सारख्या मंदगती विमानावर शिकलेल्या तरुणाला पुढे मिग-२१ वर बसविले जाई. हे विमान धावपट्टीवर उतरतानाच ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगात असे. मधली पायरीच नव्हती. ती बांधण्यासाठी ‘हॉक’ विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये, आणि बीदरच्या तळावर ती रीतसर दाखल झाली २००८ मध्ये. करारालाच बावीस वर्षे! या काळात दिल्लीत जवळजवळ सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. समाजवादी चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिसही संरक्षणमंत्री होते. तेव्हा या पापात कोणी एकटा वाटेकरी नाही.

२०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेले आकडे असे: मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत. हे सारे मृत्यू एका विलंबामुळे ओढवले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु निम्म्याहून अधिक विमाने अपघातांत गमावणाऱ्या व्यवस्थेने सारा दोष मृत वैमानिकाच्या माथी मारावा, याला न्याय म्हणता येणार नाही.

असे प्रश्न विचारल्याने सैन्याचे मनोधैर्य खचते, असा कांगावा होतो. वस्तुतः ते खचते मुलाच्या मृत्यूचे खरे कारण आईबापांना न सांगण्याने. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ समारंभपूर्वक निवृत्त झाले. विलंबाची वृत्ती निवृत्त झालेली नाही. १९७९ पासून सेवेत असलेल्या ‘जॅग्वार’ जातीची तीन विमाने २०२५ च्या पहिल्या सात महिन्यांत कोसळली. त्यांपैकी चुरू जिल्ह्यातील ९ जुलैच्या प्रशिक्षण-उड्डाणात दोन वैमानिक ठार झाले.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. गोपनीय तांत्रिक तपशील वगळून प्रत्येक चौकशीचा निष्कर्ष संसदेपुढे आला पाहिजे. विमानाखाली चिरडलेल्या कुटुंबाला भरपाई हक्क म्हणून मिळाली पाहिजे, मेहेरबानी म्हणून नव्हे. आणि शिफारशींच्या फायली ज्या टेबलावर अडल्या, त्या टेबलाचीही चौकशी झाली पाहिजे. वीरांना मानवंदना देणे सोपे असते. त्यांच्या मृत्यूचा हिशेब देणे हे सरकारचे कर्तव्य आहे.