माळ्याने ओळखले, राजाला उमगले नाही



खते-फवारणीचे बोलणे आज बाजूला ठेवू. आज एका नाटकाची गोष्ट सांगतो. भिऊ नका, शेवटी आपण बागेतच येणार आहोत.

शेक्सपिअर या इंग्रज नाटककाराने १५९५ च्या सुमारास 'दुसरा रिचर्ड' ही शोकांतिका लिहिली. हा रिचर्ड १३७७ ते १३९९ इंग्लंडचा राजा होता. नाटकातला रिचर्ड बोलायला गोड, पण हात सैल. भोवती खुशमस्कऱ्यांचा गराडा. खजिना आटला तेव्हा त्याने राज्याचा महसूल इजाऱ्याने दिला. कारभाऱ्यांच्या हाती कोरी फर्माने दिली. पैसेवाला दिसला की रक्कम भरायची आणि वसूल करायची! चुलता मरताच त्याची सारी मालमत्ता जप्त केली. तिचा खरा वारस चुलत्याचा मुलगा बोलिंगब्रोक. दुसऱ्या चुलत्याने बजावले, 'बाबा, ज्या वारसाहक्काने तू राजा झालास, तोच मोडतो आहेस.' पण ऐकतो कोण?

हद्दपार केलेला बोलिंगब्रोक परत आला. हा वेगळ्या जातीचा. मोजके बोलणारा, रस्त्यावरच्या कालवे विकणारीलाही टोपी काढून मान देणारा. 'माझा वारसा तेवढा द्या,' म्हणत आला आणि गादीच घेऊन बसला.

आता बागेत चला. एक माळी गड्यांना सांगतो आहे, जर्दाळूच्या वाकलेल्या फांद्यांना टेकू द्या, फार वर गेलेले शेंडे खुडा. तण तो स्वतः उपटणार. गडी विचारतो, 'सगळा देश तणाने आणि अळ्यांनी भरलाय, मग आपणच एवढ्या कुंपणात शिस्त का पाळायची?'

हा प्रश्न मी बांधावर किती वेळा ऐकला आहे! 'साहेब, वर सगळेच खातात, आपणच का सरळ वागायचं?'

माळी म्हणतो, फळझाड माजू नये म्हणून आपण हंगामात त्याची साल जखमतो. राजाने मोठ्या लोकांना वेळेवर असे आवरले असते, तर तो आज गादीवर असता. त्याला धरून ठेवल्यासारखे दिसणारे तणच त्याला खात होते. आपल्या आंब्यावरचे बांडगूळ आठवा. लांबून हिरवेगार दिसते, पण रस आंब्याचा पिते.

तण बोलिंगब्रोकने उपटले खरे. पण त्याचेही हात स्वच्छ राहिले नाहीत. त्याच्या मनातले ओळखून एकाने कैदेतल्या रिचर्डला मारले. नव्या राजाने मारेकऱ्याला दूर लोटले आणि पाप धुवायला तीर्थयात्रेला जाईन म्हणाला. तण काढणारा आला म्हणून राखण सोडून चालत नाही, ती आपलीच. ग्रामसभेत, सोसायटीच्या सभेत दरवर्षी हिशेब विचारणे ही आपली छाटणी. एक हंगाम चुकला की फांदी कुऱ्हाडीशिवाय तुटत नाही.

आणि गड्याच्या प्रश्नाचे उत्तर? बातमी ऐकून दुःखी झालेली राणी माळ्याला शाप देते, 'तुझी कलमे कधीच न वाढोत.' माळी रागावत नाही. तिचे अश्रू पडले तिथे तो सतापाचे रोप लावायचे ठरवतो. हाच सताप आपण परसात लावतो. इंग्रजीत त्याच्या नावाचा एक अर्थ पश्चात्ताप असाही होतो.

राज्य बदलले, पण माळ्याने आपला वाफा सोडला नाही. उत्तर तेच.