आभाळाच्या काट्यावर शिक्का कुणाचा?



चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला तर सरकारदरबारी ती अतिवृष्टी. ६४ पडला तर नुसता पाऊस! कपाशी किती दिवस पाण्यात उभी होती, हे त्या आकड्याला दिसत नाही. फळबागांचा हवामान आधारित विमा तर सर्वस्वी अशाच आकड्यांवर. मग हा आकडा जन्मतो कुठे, हे आपण विचारायचे की नाही?

२०१७ साली राज्य सरकारने स्कायमेट कंपनीबरोबर महावेध प्रकल्प सुरू केला. दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांत उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांच्या नोंदी दर दहा मिनिटांनी होऊ लागल्या. यंत्राला आमचा विरोध नाही. नजर पैसेवारीपेक्षा यंत्र केव्हाही बरे.

पण यंत्रही चुकते. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाचोळा अडकला की मुसळधार पावसाचीही रिमझिम होते. झाड किंवा इमारत जितकी उंच, तिच्या किमान दुपटीइतके अंतर यंत्रापासून हवे. आडोशाचे यंत्र खोटेच बोलणार. शिवाय लाडखेडला कोसळतो तेव्हा लोहीला ऊन असू शकते, हे दारव्ह्यातले शेंबडे पोरही सांगेल.

सरकार म्हणेल, मंडळनिहाय पाऊस महारेन संकेतस्थळावर आहे. आहे. पण पावती दाखवली म्हणजे काटा दाखवला असे होत नाही. बाजारातल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. आभाळाच्या काट्यावर कुणाचा?

केंद्राने २०२३ साली विंड्स योजना आणली: तालुक्याला हवामान केंद्र, ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक. यंत्रे वाढतील, तशी ती शोधणेही अवघड होईल. म्हणून आमची मागणी साधी आहे. जमिनीला सातबारा, तसा प्रत्येक यंत्राला सातबारा द्या. यंत्राचा क्रमांक, गाव, गट नंबर, ते काय मोजते, शेवटची तपासणी कधी, शेवटची नोंद कधी, बंद किती दिवस, हे सारे ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि कुणाच्याही मोबाइलवर दिसले पाहिजे. यंत्र बंद असताना शेजारच्या मंडळाचा आकडा लावला, तर तसे गावाला लेखी कळवा. खरिपापूर्वी तपासणी शेतकऱ्यांसमोर करा.

यात मेहरबानी कसली? माहितीचा अधिकार कायदा, २००५ मधील कलम ४ सरकारला माहिती स्वतःहून जाहीर करायला सांगते.

गावोगाव ग्रामसभेत हा ठराव घ्या आणि प्रत तहसीलदाराकडे द्या. आम्हाला दया नको, माप हवे!