लकवा नसांचा नव्हे, मेंदूचा आजार : नाशिकमध्ये मोलाचे साडेचार तास जातात कुठे?

फजरच्या नमाजसाठी माणूस उठतो, वुजू करताना तोंडात घेतलेलं पाणी एका बाजूने गळतं, उजवा हात उचलत नाही. घरात पहिला शब्द निघतो, ‘हवा लागली’. मग तेल कोमट होतं, कुणी दम केलेलं पाणी पाजतं, कुणी जंगली कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. हॉस्पिटलचा विषय निघेपर्यंत जोहरची वेळ होते. जुन्या नाशकात, वडाळा गावात किंवा मालेगावच्या कुठल्याही मोहल्ल्यात हे नवीन नाही.

लकवा म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी बंद होणं किंवा फुटणं. हात-पाय लुळे पडतात म्हणून आपण तेल हातापायाला लावतो, पण बिघाड डोक्यात असतो. रक्त अडलं की दर मिनिटाला सुमारे 19 लाख मज्जापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही. म्हणून घरातल्या घरात अॅस्पिरिन देणंही घातक ठरू शकतं. दुआ जरूर करा, पण पाणी पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं.

हे अज्ञान आपल्याच समाजाचं आहे, असं कुणी म्हणू नये. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वायव्य भारतातल्या एका पाहणीत सुमारे 45 टक्के लोकांना स्ट्रोक मेंदूला होतो हेच माहीत नव्हतं. राजस्थानातल्या बुटाटी धामला आजही लकव्याचे रुग्ण सात दिवस मुक्कामाला जातात. आणि हा शहरी, श्रीमंतांचा आजार आहे म्हणावं, तर गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने 86 गावांत केलेल्या अभ्यासात 14.3 टक्के मृत्यू स्ट्रोकने झाल्याचं दिसलं. तिथे तेच मृत्यूचं सर्वांत मोठं कारण होतं.

मालेगावकरांचा हिशेब आणखी कडक आहे. तिथून नाशिक शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे महामार्गावर दोन तास. घरात दोन तास गेले तर उरलं काय?

पण खरी गडबड त्या सकाळच्या कितीतरी वर्षं आधी झालेली असते. स्ट्रोकचं सर्वांत मोठं कारण उच्च रक्तदाब, आणि तो दुखत नाही. ‘बीपीची गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही’ म्हणून लोक ती सुरूच करत नाहीत. सुरू केली तर दोन महिन्यांनी बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद करतात. अहो, ते नॉर्मल आलं गोळीमुळेच! रमजानमध्ये गोळ्या सुटतात त्या वेगळ्याच, खरं तर बहुतेकांच्या वेळा डॉक्टर सहरी-इफ्तारला बसवून देऊ शकतात. तंबाखू आणि मशेरीबद्दल तर काय बोलावं.

आणखी एक धोका आपण शुक्र मानून सोडून देतो. दहा मिनिटं जीभ अडखळली, मग ठीक झालं. ‘अल्हमदुलिल्लाह’ म्हणून माणूस झोपतो. पण मोठा झटका येण्याची भीती त्यानंतरच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायला हवं.

पैशांची भीती खरी आहे. मात्र 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांवर गेली आहे. रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवलं तर धावपळ वाचते. प्रशासनानेही आपलं काम करावं. नाशिक आणि मालेगावात रात्री-अपरात्री सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन नक्की कुठे मिळतं, याची यादी महापालिकांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत लावली पाहिजे.

इमाम साहेबांना एक विनंती. इलाज घेणं तवक्कुलच्या विरोधात नाही, हे उलेमा सांगत आलेच आहेत. एका जुम्याला दोन मिनिटं एवढंच सांगावं : चेहरा वाकडा झाला, दोन्ही हात सारखे उचलले जात नाहीत, बोलणं अडखळलं, तर लगेच 108 ला फोन. आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो असा, की माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता? झोपेतून उठताना त्रास दिसला असेल, तर घड्याळ रात्री तो झोपला तेव्हापासून मोजलं जातं. ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या.