घड्याळ नको, वेळापत्रक हलवा

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत आणि शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे केली जातात. अमेरिकेतला हा बदल यंदा ऐन रमजानमध्ये आला. शनिवारी सहाच्या सुमारास सुटणारा रोजा रविवारी सातच्या सुमारास सुटू लागला. दिवस मात्र तेवढाच राहिला आणि उपवासही तेवढाच. संध्याकाळी उजेड मिळतो, वीज वाचते, म्हणून आपल्याकडेही घड्याळ पुढे करावे, असे अधूनमधून सुचवले जाते. आंजर्ल्यासारख्या गावाला त्याचा काय उपयोग, हे तपासून पाहायला हवे.

हा प्रयोग आपण केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून भारतभर घड्याळे एक तास पुढे केली गेली आणि १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच राहिली. त्याच सप्टेंबरात रमजान लागला. किनाऱ्यावर पावणेसातला होणारी इफ्तार घड्याळात पावणेआठला गेली. युद्ध संपले आणि हा तासही गेला. पाकिस्तानने २००८ आणि २००९ मध्ये विजेसाठी हेच केले, नंतर सोडून दिले. मोरोक्कोचे घड्याळ २०१८ पासून वर्षभर एक तास पुढे असते, पण रमजानपुरते ते मागे घेतात. म्हणजे महिन्याभरात दोनदा फेरबदल.

युरोपात याला थोडा अर्थ आहे. लंडनचा जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा, डिसेंबरातला आठ तासांचाही नाही. आपल्याकडे मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, लहान ११ तासांचा. वाचवायला उजेड फारसा नाहीच. विजेचे म्हणाल, तर अमेरिकेच्या इंडियाना राज्यात घड्याळबदल लागू झाल्यावर घरगुती वापर सुमारे १ टक्क्याने वाढल्याचे अभ्यासात दिसले.

शिवाय भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि आंजर्ले ७३ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपले घड्याळ सूर्याच्या सुमारे ३८ मिनिटे पुढेच चालते. आणखी एक तास पुढे केला, तर मार्चअखेरीस सूर्य साडेसातनंतर उगवेल आणि सातची शाळा अंधारात भरेल. मग शाळा आठला न्यायची, म्हणजे केलेला बदल आपणच पुसायचा!

इथली बरीच कामे घड्याळावर चालतही नाहीत. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, आणि होडी त्याप्रमाणे खाडीबाहेर पडते. मगरिबची अजान सूर्यास्ताला होते. या दिवसांत वाळूतून बाहेर येणारी कासवाची पिल्ले सकाळ-संध्याकाळचे ऊन उतरलेले पाहूनच समुद्रात सोडली जातात.

ऋतूप्रमाणे वेळ बदलण्याची आपली रीत वेगळी आणि जुनी आहे: सकाळची शाळा. मार्च २०२५ मध्ये उन्हामुळे राज्यातल्या शाळा सकाळच्या सत्रात भरवण्याचा आदेश निघाला, तेव्हा कोणाला घड्याळाला हात लावावा लागला नाही. रमजानमध्येही तेवढेच पुरते. सभा, पालकांची बैठक, खेळाचे सामने तासभर आधी घेतले की रोजेदार घरी वेळेत पोहोचतो आणि बाकीच्यांचे काही बिघडत नाही. दुपारच्या उन्हात राबणाऱ्या मजुराला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, कामाची लवकर सुरुवात सोयीचीच.

यालाही कष्ट आहेत. शाळा सातला आणि एसटी जुन्याच वेळेला, असे झाले तर वाडीतले पोर चालत येते किंवा घरीच राहते. म्हणून शाळा, एसटी, दवाखाना आणि रेशन दुकान यांच्या उन्हाळी वेळा एकत्र बसून ठरवाव्यात आणि फेब्रुवारीतच फलकावर लावाव्यात. देशाचे घड्याळ दिल्लीतून हलते, हे काम मात्र गावातच होऊ शकते. त्रास घ्यायचाच, तर तो इथे घ्यावा.