शिफारशीत उपचारही हवा

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेतील ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निष्प्रभ करतात. विषबाधा झालेल्या माणसाच्या शरीरातही तेच घडते. यावर ॲट्रोपिन हा मुख्य उतारा. मात्र तो कसा दिला जातो, हे निर्णायक ठरते. बांगलादेशातील चितगाव येथील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्रा झपाट्याने वाढवून पुढे शिरेवाटे सतत ॲट्रोपिन दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ८ टक्के होते. प्रचलित पद्धतीत ते २२.५ टक्के होते. औषध तेच, फरक पद्धतीचा.

परंतु ॲट्रोपिन हा प्रत्येक कीटकनाशकावरील उतारा नव्हे. म्हणून रुग्णाने नेमके काय फवारले, हे डॉक्टरांना तत्काळ कळणे आवश्यक असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले. तेथे कीटकनाशकांची मिश्रणेही फवारली गेली होती.

आपण कीटकशास्त्रज्ञ शिफारशीत हेक्टरी मात्रा व काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी काटेकोरपणे नमूद करतो. त्याच ओळीत रासायनिक गट, विषबाधेची लक्षणे, उतारा आणि ‘रुग्णासोबत वेष्टन व माहितीपत्रक न्यावे’ ही सूचना असलीच पाहिजे. पिकाचे रक्षण सांगणारी, पण फवारणाऱ्याविषयी मौन बाळगणारी शिफारस माझ्या मते अपूर्णच आहे.