घराची चावी परत मिळाली, गावाचं काय? निर्वासितांच्या परतीबद्दल बोस्निया काय सांगतो

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली बशर अल-असद यांची सत्ता कोसळली. दुसऱ्याच दिवशी जर्मनी आणि ऑस्ट्रियासह काही युरोपीय देशांनी सीरियन नागरिकांच्या आश्रयाच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने सांगितलं की, दहा लाख सीरियन निर्वासित मायदेशी परतले आहेत.

पण सीमा ओलांडून आलेला माणूस खरंच घरी पोहोचला, असं म्हणता येतं का? हा प्रश्न बोस्नियाच्या गावांत जाऊन तपासणाऱ्यांमध्ये एक नाव आहे कार्ल डालमन. ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठात शिकवणारे भूगोलतज्ज्ञ आहेत.

यात भूगोल कुठून आला?

शाळेत भूगोल म्हणजे नद्या, पिकं आणि राजधान्या. राजकीय भूगोलाचे प्रश्न वेगळे असतात. सीमा कोण आखतं? जमीन कुणाची ठरते? आणि त्यात कुणाला हुसकावलं जातं?

डालमन यांनी आधी कुर्दांवर लिहिलं. तुर्की, इराक, इराण आणि सीरिया या देशांत विभागला गेलेला हा समाज. पुढे त्यांनी जेरार्ड टोल या भूगोलतज्ज्ञांसोबत बोस्नियाचा अभ्यास केला. त्यातून २०११ मध्ये 'बोस्निया रिमेड' हे पुस्तक आलं. त्यात झ्वोर्निक, डोबोय आणि यायत्से या तीन ठिकाणांवर भर आहे.

बोस्नियात काय घडलं होतं?

१९९२ ते १९९५ या युद्धात सुमारे एक लाख लोक मारले गेले आणि जवळपास २२ लाख विस्थापित झाले. म्हणजे देशाची साधारण निम्मी लोकसंख्या.

झ्वोर्निकचं उदाहरण घ्या. सर्बियाच्या सीमेवर, द्रिना नदीकाठी वसलेलं हे शहर. युद्धाआधी इथल्या नगरपालिका क्षेत्रात सुमारे ६० टक्के लोक बोस्नियाक मुस्लिम होते. एप्रिल १९९२ मध्ये सर्ब फौजांनी शहर ताब्यात घेतलं आणि त्यांना हाकलून दिलं. रिकाम्या घरांत सर्ब कुटुंबं आली. त्यातली अनेक स्वतःच दुसरीकडून विस्थापित झालेली होती.

फक्त माणसं बदलली नाहीत. मशिदी पाडल्या गेल्या. फोचा या दुसऱ्या एका शहराचं तर नावच बदलून 'स्रबिन्ये' करण्यात आलं. तिथे आधी कुणी दुसरं राहत होतं, ही खूणच पुसायची होती.

परतीचा हक्क मिळाला, मग?

१९९५ च्या डेटन शांतता कराराच्या सातव्या परिशिष्टाने प्रत्येक विस्थापिताला आपल्या मूळ घरी परतण्याचा हक्क दिला. पण त्याच कराराने देशाचे दोन भाग मान्य केले, त्यातला एक सर्ब बहुसंख्येचा. ज्यांनी लोकांना हाकललं, त्यांच्याच राजकीय गटांच्या हाती अनेक ठिकाणी पालिका राहिल्या. यायत्सेमध्ये ऑगस्ट १९९७ मध्ये परतलेल्या बोस्नियाक कुटुंबांना जमावाने पुन्हा पळवून लावलं. सर्ब भागात पालिकांनी विस्थापित सर्बांना घरांसाठी भूखंड वाटले, म्हणजे ते तिथेच कायम राहावेत.

१९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधींनी मालमत्तेचे कायदे थेट लागू केले, तेव्हा चित्र बदललं. सुमारे दोन लाख दाव्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक निकाली निघाले. सप्टेंबर २००४ पर्यंत परतलेल्यांचा आकडा दहा लाखांवर गेला. फोचालाही न्यायालयामुळे जुनं नाव परत मिळालं.

युद्धानंतर घरं परत मिळवून देणारं एवढं मोठं काम क्वचितच झालं असेल.

तरी गाव पूर्ववत का झालं नाही?

कारण घर मिळालं, तरी नोकरी मिळाली नाही. पोलीस आपले वाटेनात आणि शाळेतला इतिहास परका वाटू लागला. अनेकांनी घराचा ताबा घेतला आणि ते विकून किंवा बदलून दुसरीकडे संसार थाटला. २०१३ च्या जनगणनेत झ्वोर्निकमध्ये बोस्नियाक फक्त एक तृतीयांशाच्या आसपास उरले होते.

यायत्सेमध्ये शाळेचा प्रश्न तर युद्धानंतर वीस वर्षांनी पेटला. मुलांना समाजानुसार वेगळ्या शाळांत टाकण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विद्यार्थीच रस्त्यावर उतरले. २०१७ मध्ये तो प्रस्ताव मागे पडला.

सीरियासाठी याचा अर्थ काय?

असद सरकारच्या २०१८ च्या 'कायदा क्रमांक १०' मध्ये पुनर्विकासाच्या क्षेत्रात मालकी सिद्ध करायला सुरुवातीला फक्त ३० दिवस दिले होते, नंतर एक वर्ष. परदेशी छावणीत बसलेल्या माणसाने कागद कुठून आणायचे? परतणाऱ्यांपुढे आता मोडकी घरं तर आहेतच, शिवाय मालकी सिद्ध करण्याची कटकटही आहे.

म्हणून 'इतके लाख निर्वासित परतले' अशी बातमी दिसली, की पुढचे प्रश्न विचारायला हवेत. ते स्वतःच्याच गावात परतले का? घर कुणाच्या ताब्यात आहे? पालिका कुणाच्या हातात आहे? आणि पाच वर्षांनी त्यांची मुलं तिथेच शाळेत जात असतील का?